आत्यावर गेलेली

काटा शून्यावर नव्हता. नर्स माझ्या मुलीला म्हणाली, "चपला काढ आणि वर उभी राहा," आणि ती चढायच्या आधीच काटा अर्धा किलो पुढे जाऊन बसलेला होता. वीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करते. कुठेही गेले तरी बाकीचे लोक माणसं बघतात, मी कोपऱ्यातला काटा बघते. "एक मिनिट हं," म्हणत मी वाकले, तळाचा स्क्रू अंगठ्याने फिरवला, काटा शून्यावर आणला आणि मगच मुलीचा हात सोडला. "आई, पुरे ना," ती दात आवळून म्हणाली. अकराव्या वर्षी जगात सगळ्यात जास्त लाज आईची वाटते. काटा अठ्ठावन्नच्या जरा पुढे गेला, थरथरला आणि थांबला. नर्सने आकडा लिहिला, फॉर्म उलटला आणि वर न बघता विचारत सुटली. जन्माच्या वेळचं वजन? दोन किलो शंभर. नऊ महिने पूर्ण भरले होते? भरले होते. घराण्यात कुणी वजनदार? यावर दाराजवळच्या स्टुलावर बसलेली माझी नणंद हसली. "पुरावा इथेच बसलाय की," ती म्हणाली, तशी नर्सही हसली. मग पुढचा प्रश्न आला. गरोदरपणात आईला सिगारेट, तंबाखू असलं काही? मी तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मला अजूनही सांगता येत नाही, कारण माझ्या आधी नणंदच बोलली. "नाही हो. आमच्याकडे कुणालाच नाद नाही असला." नर्सने 'नाही'च्या चौकोनात खूण केली. अर्ध्या किलोसाठी मी चारचौघांत वाकले होते, आणि या प्रश्नाला मूग गिळून उभी राहिले.

ही नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी तिला ताई म्हणते, मुलगी आत्या म्हणते, आणि आमच्या रस्त्यावरचे लोक लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणतात. लग्न केलं नाही, कुणी विचारलंही नाही, असं ती स्वतःच सांगते आणि वर हसते. खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्या, मधे एक लाकडी जिना. ताई उतरायला लागली की जिनाच आधी वर्दी देतो. तिच्या जाडेपणावर बोलायची कुणाला चोरी नाही, कारण पहिला विनोद ती स्वतः करून टाकते. दुसऱ्याला मग काही शिल्लक राहत नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती की सगळे तिला पिटुकली म्हणायला लागले. तळहातावर डोकं आणि कोपराच्या आत पाय मावायचे. वर्षाची होईपर्यंत ती बरोबरीच्या मुलांएवढी झाली, तिसऱ्या वर्षी त्यांच्या पुढे गेली, पाचव्या वर्षी तिला सात वर्षांच्या मुलीचा फ्रॉक लागायला लागला. शेजारपाजारच्या बायका डोळे बारीक करून बघायच्या, आणि कुणी काही विचारायच्या आत ताई म्हणायची, "माझ्यावर गेलीय. माझंही हेच झालं होतं. खाण तशी माती." बायकांचं समाधान व्हायचं. मी मान हलवायचे. आठ वर्षं मी मान हलवते आहे. आता मुलीला पिटुकली म्हटलेलं चालत नाही. शाळेत कुणीतरी ते नाव ऐकलं आणि वर्गभर हशा झाला, त्या दिवसापासून घरात त्या नावावर बंदी आहे.

डॉक्टर तरुण होती. फॉर्म दोनदा वाचून तिने तो टेबलावर ठेवला. "जन्मतः इतकी हलकी आणि मग वजन भराभर वाढलेलं, म्हणून आम्ही तो सिगारेटचा प्रश्न विचारतो," ती म्हणाली. "आई ओढत असेल तर बाळ अनेकदा लहान जन्मतं, आणि अशा मुलांमध्ये पुढे वजन जास्त वाढण्याचं प्रमाणही दिसतं. पण तुमच्याकडे तसं काही नाही. म्हणजे मग घराण्याची ठेवण म्हणायची." मुलीने विचारलं, "ठेवण म्हणजे बदलत नाही?" डॉक्टर म्हणाली, "असं कोण म्हणालं? खाणं, झोप, हालचाल, सगळ्याने फरक पडतो. पोहतेस ना? मग पोहत राहा." मला गप्प बसवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. "समजा," मी म्हटलं, "समजा एखादीच्या बाबतीत दोन्ही असलं, घराणंही आणि ते दुसरंही, तर?" "तर दोन्ही," ती म्हणाली. "हजारो मुलांची माहिती गोळा केली की कशाचा किती हात आहे याचा अंदाज येतो. एका मुलीत अशी वाटणी करता येत नाही." माझ्या धंद्यात असलं उत्तर चालत नाही. आम्ही रिकामा डबा आधी तोलतो, भरलेला नंतर, आणि वजा करून सांगतो की डब्याचं इतकं आणि मालाचं इतकं. ताई स्टुलावरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने नजर खिडकीकडे वळवली, आणि त्या वळवण्यात काहीतरी होतं. तिला माहीत होतं का? की तिने 'नाही' म्हटलं ते खरंच तसं वाटत होतं म्हणून? परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

बसमध्ये ताई पुढच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी बसायची जागा माझ्या मुलीची, वर्षानुवर्षांची. उरलेल्या अर्ध्या जागेत ती आत्याच्या दंडाला टेकून अशी बसायची की वळणावर दोघी एकदम कलायच्या. त्या दिवशी ती सरळ मागे आली आणि माझ्या शेजारी खिडकीशी बसली. "सोमवारपासून मी पोहायला जाणार नाही," ती म्हणाली. मी विचारलं का. "काय उपयोग? मी आत्यासारखीच होणार. डॉक्टरबाईंनीच सांगितलं की." तिने आवाज खाली केला नव्हता. ताईने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मानेच्या मागे केसांचा अंबाडा असतो, त्याखालची कातडी तेवढी लाल झालेली मला दिसली. हातातल्या तिकिटाची ती घडी करत होती. अर्धं, मग पाव, मग आणखी लहान, लॉन्ड्रीत रुमालाची करते तशी नीट. मला वाटलं, आता उठावं आणि ताईच्या बाकावर जाऊन बसावं, सगळ्या बससमोर सांगावं. उठले नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं माझं मन मला म्हणालं, आणि मी त्याचं ऐकलं. माझं मन मला नेहमीच सोयीचं तेच सांगतं.

दुपारी कारखान्यात गेले. कारखाना म्हणायचा एवढंच, लांबट पत्र्याची शेड आहे, एका बाजूला मोठे धान्य तोलायचे काटे, दुसऱ्या बाजूला दुकानांतले लहान, आणि मधल्या कपाटात आमची पितळी वजनं. या वजनांना उघड्या हाताने शिवायचं नाही हा पहिला धडा. बोटांचा घाम पितळेला लागतो, वर्षानुवर्षांत वजन खोटं होतं, म्हणून ती मऊ चामड्याच्या तुकड्याने उचलायची. मला हा धडा मोठ्या मिस्त्रींनी दिला, ते आता नाहीत. माझ्या टेबलावर एक जुना दोन पारड्यांचा तराजू आला होता. उजव्या पारड्याच्या खाली शिशाचा गोळा डकवलेला होता, पासंग. मोठे मिस्त्री म्हणायचे, पासंग दिसला की लगेच दुकानदाराला चोर म्हणू नये. कधीकधी दांडीच वाकडी झालेली असते आणि त्या शिशावर बिचाऱ्याचा तराजू सरळ उभा असतो. मी गोळा सुरीने काढला, आणि डावं पारडं टेबलाला जाऊन टेकलं. दांडी वाकडी होती. ती सरळ करायला घ्यायची होती, पण माझा हात चालेना, म्हणून मी उठून मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

मागच्या पायऱ्या म्हणजे शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, तीन. वरची तुटकी, मधली बसायची, खालची पाय ठेवायची. बारा वर्षांपूर्वी इथे आम्ही दोघी बसायचो, मी आणि आकडेवाली. काट्यांच्या तबकड्यांवर हाताने आकडे रंगवायचं काम ती करायची. आता ते छापील येतात. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आवाज पुरुषी, बोटांना कायम काळा रंग, आणि हात असा स्थिर की बारीक कुंचल्याने ती आठचे शंभर आकडे काढायची आणि एकही आठ दुसऱ्यापेक्षा लठ्ठ नसायचा. तो हात स्थिर व्हायला तिला आधी सिगारेट लागायची. सकाळी दहाला एक आणि दुपारी चारला एक. पहिल्यांदा तिने अर्धी ओढून उरलेली माझ्यापुढे धरली, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. खोकले, ती हसली, मी पुन्हा ओढली. नवरा लांबच्या मार्गावर बस चालवायचा, आठवड्यात दोन रात्री घरी. बाकीच्या पाच दिवसांत माझ्याशी कुणी मनमोकळं बोललं असेल तर ते या पायरीवर. तिने मला काय काय सांगितलं. तिच्या पळून गेलेल्या नवऱ्याचं, तिने वाढवलेल्या भाच्यांचं, रंगात किती थेंब तेल घालायचं याचं. टाकी भरून वाहायला लागायची, तो पाण्याचा आवाज, पत्र्यावर तापलेलं ऊन, ओल्या सिमेंटचा आणि तंबाखूचा वास. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस विचारले तर मला तेच आठवतात. पुढे जे झालं त्यामुळे ते कडू व्हायला हवे होते. झाले नाहीत. आजही कुणी रस्त्यात शेजारून सिगारेट ओढत गेलं की मी चार पावलं त्याच्या मागे चालते, लाज वाटते आणि तरी चालते.

दिवस गेल्याचं मी सगळ्यात आधी आकडेवालीला सांगितलं, नवऱ्याच्याही आधी. तिने हातातली सिगारेट पायरीवर विझवली. "आता सोड," ती म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून. तोवर दोनांच्या सात झाल्या होत्या माझ्या, त्यातल्या पाच एकटीने, घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. सातांच्या पाच केल्या, पाचांच्या तीन. तीनवर मी अडले. आमच्या ओळखीतल्या एकीने ओढूनही तिचं बाळ काही ठणठणीत नव्हतं का, अशी उदाहरणं शोधून ठेवली होती. उलट्या फार व्हायच्या, आणि मला खरंच वाटायचं की धुराने त्या थांबतात. वास जाण्यासाठी पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचे. त्या गोळ्या विकतही घ्याव्या लागायच्या नाहीत. पोट दिसायला लागल्यापासून ताई माझे कारखान्याचे एप्रन धुवायला न्यायची. दर शनिवारी मी मळलेला द्यायचे, सोमवारी कडक इस्त्रीचा मिळायचा, आणि खिशात हमखास चार-पाच पेपरमिंट. उलट्यांसाठी ठेवते बिचारी, असं मी आकडेवालीला सांगायचे आणि दोघी हसायचो. केवढी भोळी आहे, म्हणायचो. सिगारेट झाली की ताईची गोळी तोंडात टाकायची आणि ताईच्याच शेजारी जेवायला बसायचं. शनिवारी रात्री ती आमच्याकडे जेवायला असायची. माझ्या ताटात जास्त वाढायची, दोघांचं खा म्हणायची.

आणि मग ते दोन किलो शंभर. मूल पूर्ण दिवसांचं, अंगाने धड, रडणं खणखणीत, पण दोन किलो शंभर. दुसरी कुणी आई असती तर घाबरली असती, नाहीतर देवाला बोलली असती. मी म्हटलं, काटा खोटा आहे. नर्सला म्हटलं, नवऱ्याला म्हटलं, ताईला म्हटलं. इतका विश्वास होता मला की दवाखान्यातून घरी जाताना मी रिक्षा कारखान्याकडे वळवली. मोठ्या मिस्त्रींनी तपासणीचा मोठा तराजू पुसला, पारड्यात चामडं अंथरलं, त्याचा तोल दुसऱ्या पारड्यात करून घेतला, आणि मी माझं मूल त्यात ठेवलं. पितळी वजनं त्यांनी एकेक करून ठेवली. किलो, किलो, मग पन्नास, मग आणखी पन्नास. दांडी सरळ झाली. दवाखान्याचा काटा एका ग्रॅमनेही खोटा नव्हता. पारड्यात ती झोपली होती, मूठ तोंडाशी, आणि पारडं अगदी हळू खालीवर होत होतं, तिच्या श्वासाने. आकडेवाली हातात कुंचला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. त्या दिवसानंतर मी कानाला खडा लावला तो कायमचा, आणि त्या दिवसानंतर तिनेही मला कधी पायरीवर बोलावलं नाही. दोन वर्षांनी काम सोडून भाच्याकडे गेली. जाताना हसून बोलली, पण निरोपाला मिठी मारली नाही.

हे सगळं आठवत मी त्या मधल्या पायरीवर बसले होते, आणि सवयीने एप्रनच्या खिशात हात गेला. बारा वर्षांत ताईने माझा एप्रन धुणं थांबवलेलं नाही. खिशात चार पेपरमिंट होत्या. उलट्या थांबून अकरा वर्षं झाली. बाळंतपण झालं, मूल चालायला लागलं, शाळेत गेलं, आणि दर सोमवारी या गोळ्या येतच राहिल्या. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आता मला एकदम कळलं, आणि कळल्यावर कारखान्यात थांबवेना. शनिवारच होता. एप्रन काढून हातात घेतला आणि लॉन्ड्रीकडे निघाले.

ताई चादरींच्या घड्या करत होती. मी काउंटरवर चारही गोळ्या ठेवल्या. "ताई, तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. तिने चादर हनुवटीखाली धरली, दोन टोकं जुळवली, घडी पूर्ण केली आणि मगच बोलली. "लॉन्ड्रीवालीपासून काय लपतं गं? पहिल्याच शनिवारी खिशात तंबाखूचा चुरा होता. काखेतही वास होता. धुण्याआधी मी वासच घेते कपड्याचा." मी विचारलं, मग बोलला का नाहीत. "म्हटलं, तोंडात गोळी असली तर तेवढी एक तरी कमी ओढशील." मी खाली बसले, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर. ओढायचं कमी व्हावं म्हणून तिने दिलेल्या गोळ्या मी ओढलेलं लपवायला वापरल्या होत्या. हे तिला सांगितलं तेव्हा ती थोडं हसली, मग हसू गेलं. "मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "धीर झाला नाही. शनिवारचं तुमच्याकडचं जेवण तेवढं होतं मला. बोलले असते आणि तू दार लावून घेतलं असतंस, तर मी कुणाकडे गेले असते? त्या मुलीचं वजन ऐकलं त्या दिवशी मला पण कळलं की यात माझा गप्प बसण्याचाही हात आहे. मग पुढे ती भरायला लागली, लोक विचारायला लागले, तेव्हा म्हटलं, हे आपण अंगावर घेऊ. आधीच एवढं आहे, त्यात आणखी कितीसं."

मी म्हटलं, मी तिला आज सांगणार आहे. माझी अपेक्षा होती की तिला सुटल्यासारखं वाटेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. "सांगू नकोस," ती म्हणाली. "हे बघ, मी काही नुसतं तुला झाकायला म्हणत नव्हते. ती खरंच माझ्यासारखी आहे. तिची चाल बघ, तिचे कोपर बघ. माझ्याकडून या जगात कुणाला काही गेलेलं नाही, हे एक सोडून. ते तरी राहू दे की माझ्याकडे." एवढं बोलताना तिचा आवाज चढला नाही, पण इस्त्री तिने चुकून चादरीवर तशीच ठेवली होती, मी ती उचलून उभी केली. "ताई, ती आज तुमच्या शेजारी बसली नाही," मी म्हटलं. "बसेल. अकराची आहे." "ती पोहणं सोडतेय. तुमच्यासारखी होण्याला ती शिक्षा समजते, आणि ती समजूत मी करून दिलीय, आठ वर्षं मान हलवून." चादरीवर इस्त्रीच्या टोकाचा पिवळा डाग उठला होता, त्यावर ती ओलं फडकं घासत राहिली. एप्रन माझ्या हातातच राहिला, तो द्यायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

मुलगी घरी जमिनीवर बसून पोहायच्या पिशवीतल्या वस्तू काढून ठेवत होती. टोपी, चष्मा, टॉवेल. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. नर्सचा प्रश्न, खरं उत्तर, पायऱ्या, तीन सिगारेटी. सजवून सांगितलं नाही, रडून तर मुळीच नाही. रडले असते तर तिला मलाच समजवावं लागलं असतं. "तुला माहीत होतं की वाईट असतं?" तिने विचारलं. माहीत होतं. "आणि सगळे आत्याचं नाव घ्यायचे तेव्हा तू काय म्हणायचीस?" काही नाही, मान हलवायचे. ती टोपीचं रबर ताणत होती आणि सोडत होती. रागावली होती, आणि तिने रागवावं यासाठी तर मी बसले होते. पण तिने मान वर केली तेव्हा विचारलं ते वेगळंच. "म्हणजे मी आत्यावर गेलेच नाहीये?" तिचं काही हरवलं की हा आवाज येतो, मला ओळखीचा आहे. मला वाटलं होतं, या मुलीच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवते आहे. ती तर माझ्या हातून काहीतरी परत मागत होती. "गेली आहेस," मी म्हटलं. "त्यात माझा धूर पण आहे. कशाचं किती, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी वीस वर्षं वजनं करते, मलाही येत नाही." ती आपल्या पायांकडे बघत होती. तिच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, ताईचं आहे तसंच. "ही तर तिचीच आहेत," ती म्हणाली, स्वतःशीच. मग उठली, चपला घातल्या. "थोडा वेळ माझ्याशी बोलू नकोस," असं मला सांगून बाहेर पडली. कुठे, ते विचारायची गरज नव्हती.

तासभर थांबले. भाजी चिरायला घेतली, निम्मी चिरली. नवरा उद्या येणार होता, त्यालाही सांगायचं होतं, पण ते आता तितकंसं अवघड वाटत नव्हतं. मग एप्रनचं निमित्त घेऊन निघाले. लॉन्ड्रीत दिवे लागले होते. माझी मुलगी आतल्या बाजूला, धुवायला आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसली होती, लहानपणी बसायची तशी, पाठ ताईच्या दंडाला टेकवून. ताई कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती आणि मुलगी तिला एकेक टाचणी देत होती. काउंटरवर कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई आपल्या चादरींसाठी उभ्या होत्या. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "अगदी आत्यावर गेलीय हो ही." या वाक्याला ताईचं उत्तर ठरलेलं असतं. ताई गप्प राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी दारात होते, आणि या वेळी मी मान हलवली नाही.

"हो," माझी मुलगी म्हणाली, "आणि थोडी आईवर."

बाईंनी माझ्या काडीएवढ्या अंगाकडे बघितलं, पोरगी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं, आणि हसत हसत त्या चादरी घेऊन गेल्या. आम्ही तिघी हसलो नाही. ताईने काउंटरचा खण ओढला, गोळ्यांची बरणी काढली, एक पेपरमिंट मुलीच्या हातावर ठेवली आणि एक काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. मी एप्रन तिच्याकडे दिला आणि गोळी उचलली. कागद सोडवायला मला बराच वेळ लागला.